मदत हवी आहे : मुलासाठी हॉकी स्टिक, कर्व्ह कोणता घेऊ? (अर्जंट)

मिसिसागाकर
नमस्कार मंडळी. मुलाची स्टिक प्रॅक्टिसला मोडली, ब्लेडच्या जरा वर सरळ दोन तुकडे, आणि शनिवारी टुर्नामेंट आहे. दुकानात गेलो तर तिथला पोरगा विचारतो कर्व्ह, म्हणजे ब्लेडचा बाक, पी९२ देऊ, पी८८ देऊ की पी२८. म्हटलं चांगली असेल ती दे, तर म्हणे मुलाच्या खेळावर आहे. अरे बाबा, ते मला कळत असतं तर तुला कशाला विचारलं असतं! मुलाला विचारलं तर त्याला स्टार खेळाडू मॅकडेव्हिडसारखी हवी. कुणीतरी एका ओळीत सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत, पाहून झाल्यात, प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

खेळगडी
वय? वजन? लेफ्ट शूट करतो का राइट? फॉरवर्ड का डिफेन्स? यातलं काहीच न लिहिता एका ओळीत उत्तर म्हणजे डॉक्टरला फोन करून 'दुखतंय, गोळी सांगा' म्हणण्यासारखं झालं.

पेनल्टी_कॉर्नर
लो बो घ्या, म्हणजे दांड्याचा बाक खालच्या टोकाकडे असलेली. ड्रॅग फ्लिक मारायची असेल तर दुसरा पर्यायच नाही, बॉल स्टिकवर बसतो आणि झकास सुटतो. फक्त बाक २५ मिमीच्या वर नको, नियमात बसत नाही. मुलगा नवीन असेल तर मिड बो. आणि डावखुरी स्टिक मिळते का विचारू नका, आपल्या हॉकीत ती चालतच नाही.

विनिपेगची_माई
@पेनल्टी_कॉर्नर दादा, ही बर्फावरची हॉकी आहे हो, पक (रबरी चकती) असतो, बॉल नाही 😀

पेनल्टी_कॉर्नर
धाग्यात बर्फ कुठे लिहिलंय दाखवा. आम्हाला हॉकी म्हटलं की खडकीचा धनराज आठवतो, यात आमची काय चूक.

मिसिसागाकर
अहो कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरचीच, ते काय लिहायचं! ११ वर्षांचा आहे, यू१३ हाउस लीग, वजन ८० पौंड. लेफ्ट-राइट म्हणाल तर उजव्या हाताने लिहितो, म्हणजे राइटच ना?

विनिपेगची_माई
थांबा, काहीही घेऊ नका! लिहिण्याचा हात आणि शूट करायची बाजू यांचा संबंध नाही. स्टिकवर खाली कुठला हात असतो ते बघा, डावा खाली तर लेफ्ट. इथली कितीतरी उजखोरी मुलं लेफ्टच खेळतात कारण जोरदार हात वर, स्टिक फिरवायला. आपले बाबा लोक काय करतात, पोराच्या हातात स्टिक देतात ती बॅट धरल्यासारखी, उजवा हात खाली, झालं, पोरगा जन्माचा राइट. वाईट काही नाही त्यात, पण विकत घेताना माहीत हवं, कारण उलट्या बाजूची स्टिक आणलीत तर कर्व्ह कुठलाही असो, फुकट.

टोड्रॅग_तात्या
पी२८, डोळे झाकून. बाक सगळा टोकाकडे, पक टोकावर ओढून घ्यायचा आणि मनगटाच्या एका झटक्यात वर. मी मोठ्यांच्या हौशी बियर लीगमध्ये हीच वापरतो, गोलीला कळायच्या आत पक जाळीत. पोरगा मॅकडेव्हिड म्हणतोय ना, मग घेऊन टाका.

बॅकहँडप्रेमी
तात्या, तुमच्या लीगमध्ये गोली निम्मा झोपलेला असतो. ११ वर्षांच्या पोराला पी२८ म्हणजे बॅकहँडला रामराम, कारण ब्लेडच्या मागच्या बाजूने पक टोकावरून घसरतो, बर्फालगत सपाट पास जायच्या ऐवजी उड्या मारत जातो आणि समोरच्याच्या स्टिकवरून निघून जातो. पी८८ घ्या. बाक मध्यावर, ब्लेडचं तोंड फारसं उघडं नाही, पास सरळ जातो, शॉट खाली राहतो. सगळे म्हणतात पी९२ ऑलराउंडर आहे (सीसीएम कंपनीवाले तिलाच पी२९ म्हणतात, दुकानात घोळ नको म्हणून सांगतो), पण तिचं तोंड जास्त उघडं, पक सहज उचलला जातो. ज्याचा पक बर्फावरून उठतच नाही त्याला ती बरी. ज्याचे शॉट आधीच रिंकभोवतीच्या काचेवर आपटतात त्याला नको.

टोड्रॅग_तात्या
बॅकहँड मारतंय कोण हल्ली?

बॅकहँडप्रेमी
स्टार खेळाडू क्रॉसबी. 🙏

इतिहास_वेडा
अवांतर, पण हा बाक आला कुठून? १९६० च्या दशकात शिकागोच्या स्टॅन मिकिटाची स्टिक प्रॅक्टिसला तडकून वाकडी झाली, वैतागून त्याने तशीच मारली तर पक भलताच सुटला. मग तो आणि बॉबी हल मुद्दाम ब्लेडं वाकवायला लागले. पुढे एनएचएलने (तिकडची व्यावसायिक लीग) मर्यादा घातली, आता पाऊण इंच आहे, आधी अर्धा होती. १९९३ च्या फायनलला लॉस एंजेलिसच्या मॅकसॉर्लीची स्टिक मॉन्ट्रियलने शेवटच्या दोन मिनिटांत मोजायला लावली, बाक जास्त निघाला, पेनल्टी, मॉन्ट्रियलने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये मॅच मारली. मॉन्ट्रियलच्या देजार्दांची हॅटट्रिक होती ती.

खेळगडी
इतिहास छान, पण पोराची मॅच शनिवारी आहे. @मिसिसागाकर, पोझिशन अजून सांगितली नाहीत. आणि मोडलेल्या स्टिकची टेप कुठे घासलीय?

मिसिसागाकर
डिफेन्स खेळतो. बॅटसारखीच धरतो, उजवा हात खाली. टेपचं काय विचारताय कळलं नाही, पण आत्ता बघितलं, मागे दांड्याजवळ पार फाटून ब्लेड दिसतंय आणि पुढच्या टोकाला नवीकोरी आहे, नुसते पकचे काळे डाग.

खेळगडी
मग तुमचा प्रश्न कर्व्हचा नाहीच! टोक हवेत राहतंय, म्हणजे एकतर स्टिक लांब आहे किंवा लाय जास्त आहे. लाय म्हणजे दांडा आणि ब्लेड यांच्यातला कोन, आकडा जितका मोठा तितका दांडा उभा. पास टोकाखालून निसटत असणार त्याच्या. स्केट्स घालून हनुवटीपर्यंत, अनवाणी नाकापर्यंत, यापेक्षा लांब नको. वाढत्या अंगाची घेतली होती ना?

मिसिसागाकर
मग काय, दरवर्षी दीडशे डॉलर कोण घालणार! घेतली तेव्हा कपाळापर्यंत येत होती. आणि हो, पास निसटतात, कोच त्यावरूनच ओरडतो.

विनिपेगची_माई
तरी म्हटलं. ज्युनिअरच घ्या, फ्लेक्स (दांड्याचा कडकपणा) ४०, वजनाच्या निम्मा असा ढोबळ हिशोब आहे. कापलीत तर कडक होते हे लक्षात ठेवा, पोराला वाकवता नाही आली तर शॉटमध्ये दम राहत नाही. डिफेन्सला पक काचेला लावून बाहेर काढायचा आणि लांब सपाट पास द्यायचा, तेव्हा पी८८ ला माझं अनुमोदन.

टोड्रॅग_तात्या
मुलाचं मन मोडू नका एवढंच म्हणतो. मुलाला आवडलं नाही तर कितीही शास्त्रोक्त स्टिक असू दे, तो ती वापरणार नाही.

वाचनमात्र
स्टिक सोडा, स्केटिंगचे क्लास लावा आधी. आमच्याकडे सगळे स्टिकच्या मागे आणि पोरगा उलटं स्केट करताना पडतो.

मिसिसागाकर
स्केटिंग व्यवस्थित आहे त्याचं, विचारलं कुणी? असो. दुकानात फोन केला, पी८८ ज्युनिअर ४० फ्लेक्स आहे, पण फक्त लेफ्ट. राइट ब्रॅम्प्टनच्या शाखेत एकच उरलीय, सहापर्यंत ठेवतो म्हणाला. निघतो.

खेळगडी
४१० हायवेवर जाम आहे, ४०७ ने जा. आणि मुलाला बरोबर न्या, स्केट्ससकट.

बर्फी_इन_ब्रॅम्प्टन
याच धाग्यावर विचारते, वेगळा काढत नाही. मुलीला यंदा गोली व्हायचंय, गोलीच्या स्टिकलाही असे कर्व्ह असतात का? आणि पॅड कुणाकडे जुने आहेत का?