दोन्ही 'यू' दिसले म्हणून डिस्क ठणठणीत असं नाही
वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की लिनक्सच्या रेड-१ (दोन डिस्कवर एकच डेटा ठेवायची पद्धत) च्या एमडीस्टॅटमध्ये, म्हणजे डिस्कची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये, 'यूयू' दिसतंय (प्रत्येक चालू डिस्कला एक 'यू'), म्हणजे काळजी नाही. तसं नाही हो. एखादा सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) वाचता आला नाही तर एमडी (रेड चालवणारा लिनक्सचा भाग) दुसऱ्या डिस्कवरून डेटा घेऊन तिथे पुन्हा लिहितं. 'यू' जागचा हलत नाही. म्हणून स्मार्टसीटीएलमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) ५ (बदललेले सेक्टर), १९७ (वाचता न आलेले, निकाल न लागलेले) आणि १९८ (दुरुस्त न होणारे) या ओळींची रॉ व्हॅल्यू, म्हणजे प्रत्यक्ष आकडा, बघा. १९७ शून्यावरून वर सरकायला लागली की मी तरी डिस्क बदलतोच. एकटी १९९ (डेटा ये-जा करताना झालेल्या चुका) वाढत असेल तर आधी साटा केबल बदला. आपल्या मुंबईच्या दमट हवेत कनेक्टर खराब व्हायला वेळ लागत नाही, आणि लॅमिंग्टन रोडला केबल सहज मिळते. शिवाय महिन्यातून एकदा ॲरेचा (रेडमधल्या डिस्कच्या जोडीचा) पूर्ण चेक लावाच. नाहीतर कधी न वाचलेला खराब सेक्टर नेमका रिबिल्डच्या वेळी (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा उतरवताना) समोर येतो, आणि तेव्हा दुसरी प्रत नसते.