बाल्कनीतला किल्ला, दोन भावंडं आणि दिवाळीची कामं : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत किल्ला करायचाच, असा मुलांनी हट्ट धरलाय आणि मलाही तो मनापासून हवा आहे. आम्ही नाशिकला चौथ्या मजल्यावर राहतो. सोसायटीच्या आवारात पूर्वी मोकळी माती होती, आता पेव्हर ब्लॉक आणि गाड्या. त्यामुळे जागा म्हणजे आमची बाल्कनी, ८ फूट बाय ४ फूट. मुलगा पाचवीत आहे, मुलगी पहिलीत.

मुलाचं ठरलंय, राजगडच करायचा. जुलै २०२५ मध्ये आपले १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून त्याच्या डोक्यात गडच आहेत. साल्हेर ते सिंधुदुर्ग महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी, अशी यादी तो धडाधडा म्हणून दाखवतो. मामाबरोबर गुंजवण्याच्या बाजूने राजगड चढूनही आलाय.

पहिली अडचण वजनाची आणि पाण्याची. बाल्कनीत किती माती घालणं सुरक्षित आहे? खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपं राहतं, त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर चिखलाचं पाणी ठिबकलेलं मला चालणार नाही.

दुसरी अडचण मोठी आहे आणि खरं तर त्यासाठीच हा धागा काढतेय. घरात कोणी काही न ठरवता एक वाटणी होत चालली आहे. किल्ला दादाचा, फराळ आणि रांगोळी धाकटीची. ती मातीत हात घालायला गेली की "तू बिघडवशील" म्हणून तो तिला उठवतो, आणि मग तिला आजीजवळ शंकरपाळी कापायला बसवलं जातं. तिला कातण फिरवायला आवडतं, तक्रार त्याची नाही. पण त्याला "जरा पोहे चाळून दे रे" म्हटलं की "मी किल्ला करतोय ना!" हे उत्तर तयार. सासूबाईही म्हणतात, "असू दे गं, रमलाय पोरगा." त्या प्रेमानेच म्हणतात, आणि आमच्या घरचा फराळ त्यांच्या जिवावर होतो, त्यामुळे त्यांना दुखवायचं नाही. पण ही वाटणी मला अजिबात मान्य नाही. पाचवीतल्या मुलाला घरातलं काम आपलं वाटलं नाही, तर ते पुढे कधी वाटणार? आणि पहिलीतल्या मुलीला "माती तुझी नाही" हे ऐकून घ्यायची सवय का लागावी?

किल्ला दोघांचा व्हावा आणि फराळ-साफसफाईही दोघांची, यासाठी तुमच्याकडे काय करता ते सांगाल का? कढईपासून लांबची, या वयाला झेपणारी कामं सुचवा. नवरा माळा आणि पंखे बघणार आहे, तो भाग मार्गी लागलाय.

---

सह्यकडा

ताई, बांधकामातला माणूस आहे म्हणून आधी वजनाचं सांगतो. ओली माती १ घनफुटाला साधारण ४५ ते ५० किलो भरते. तुमचा किल्ला ४ बाय ३ फूट आणि मधोमध फूट-दीड फूट उंच धरला आणि तो भरीव केला, तर आरामात ६ घनफूट माती लागेल. म्हणजे पावणेतीनशे-तीनशे किलो. बाल्कनीत हे करू नका. किल्ला पोकळच करा.

खाली जाड ताडपत्री, तिच्या कडा चारही बाजूंनी चार बोटं वर वळवून खाली विटा लावा, म्हणजे ताटलीसारखा काठ होईल. पाणी जायची जाळी पूर्ण मोकळी ठेवा. त्यावर जुन्या बादल्या, फळांचे प्लास्टिकचे क्रेट पालथे घाला. पुठ्ठ्याचे खोके वापरू नका, ओल लागली की बसतात आणि अर्धा गड खाली येतो. मग गोणपाट चिखलात बुचकळून क्रेटवर पांघरा. चिखल चांगला सरबरीत हवा. गोणपाटाला आपोआप घड्या पडतात, तेच तुमचे कडे आणि घळी. एक दिवस वाळू द्या, मग वरून इंच-दीड इंच माती लिंपा. सगळं मिळून ७०-८० किलोत बसेल. आणि किल्ला कठड्याला टेकवू नका, घराच्या भिंतीलगत घ्या.

आता मुलांचं. राजगड निवडलाय हे फार चांगलं झालं, कारण तो गड मुळातच वाटलेला आहे! मध्ये बालेकिल्ला, म्हणजे गडाचा सगळ्यात उंच भाग, आणि तीन दिशांना तीन माच्या, म्हणजे त्याच्या खालच्या सपाट सोंडा : पद्मावती, सुवेळा, संजीवनी. संजीवनी माची दादाला द्या. तिथली चिलखती तटबंदी, म्हणजे आत एक भिंत, बाहेर दुसरी आणि मधून माणूस जाईल एवढी वाट, हे करायला त्याला भरपूर डोकं लढवावं लागेल. सुवेळा धाकटीला. तिथे खडकाला आरपार भोक आहे, नेढं. ओल्या मातीत बोट घालून ते तिनेच पाडायचं. लहान बोटाने छान गोल पडतं, मोठ्या माणसाच्या हाताने ते फाटतं. पद्मावती माचीवर तळं आणि देऊळ आहे, ती दोघांची. दुसऱ्याच्या माचीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, एवढा एकच नियम ठेवा. तो तिला "बिघडवशील" म्हणू शकणार नाही, कारण ती माची त्याची नसेलच.

---

अंगणवेल

मी फक्त हिरवळीचं लिहिते. मोहरी नको, अळीवच घ्या. अळिवाला पाणी लागलं की बुळबुळीत आवरण येतं, त्यामुळे ते उतारावरही चिकटून राहतं, मोहरी घरंगळून पायथ्याशी गोळा होते. तुमच्या आकाराला ५० ग्रॅम पुरे. उभ्या कड्यांसाठी अर्धा तास भिजवा आणि तो लगदा बोटांनी फासा. वाटा आणि तटाच्या कडा सोडून द्या, नाहीतर सगळा गड झुडपात जातो.

पेरणी वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, आठवड्यात बोटभर होतं. बाल्कनी आहे म्हणजे कबुतरं येणारच, पहिले दोन दिवस जुन्या सुती साडीचा ओला तुकडा वर टाकून ठेवा. पाणी मगाने ओतायचं नाही, फवाऱ्याच्या बाटलीने सकाळ-संध्याकाळ. हे काम धाकटीकडे द्या आणि पूर्ण गडाचं द्या, फक्त तिच्या माचीचं नको. म्हणजे दादालाही तिच्यावर अवलंबून राहावं लागेल. उरलेल्या अळिवाचे नारळ-गूळ घालून लाडू होतात.

---

कोरी पाटी

तुमचा मुद्दा अगदी पटला. आमच्याकडे दोन गोष्टींचा उपयोग झाला.

एक म्हणजे वेळ वाटायची, कामं नाही. सकाळी दोघंही किल्ल्यावर, दुपारच्या जेवणानंतर तासभर दोघंही स्वयंपाकघरात. त्या तासात बाल्कनीचं दार बंद. "काम केलंस तर किल्ला करू देईन" असा सौदा मात्र करू नका. काम म्हणजे किल्ल्यासाठी भरायचा दंड, असं मुलांना वाटायला लागतं.

दुसरं, काम आख्खं द्यायचं. "जरा पोहे चाळून दे" हे कोणालाच आवडत नाही, कारण ते दुसऱ्याच्या कामातलं अधलंमधलं असतं. चिवड्याचे पोहे त्याचे. चाळायचे, उन्हात पसरायचे, संध्याकाळी आत आणायचे, चाळणी धुऊन जागेवर ठेवायची. डबा भरला की त्यावर चिठ्ठीही त्यानेच लावायची. पणत्या धाकटीच्या. नव्या पणत्या तेल पितात, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी पालथ्या घालून वाळवायच्या, रंगवायच्या. समई आणि निरांजनं चिंच-मिठाने घासायला दोघं एकत्र. करंजीचं सारण भरणं, गार झालेल्या बेसनाचे लाडू वळणं हेही दोघांना जमेल.

आणि सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांच्याकडेच शिकवणी लावा. पितळी सोऱ्या फिरवायला जोर लागतो. "आई, याला चकल्या पाडायला शिकवा, माझा हात भरून येतो" असं म्हणून बघा. कागदावर चकल्या पाडायच्या, तळायला आजीच. आजीने शिकवलेलं काम नातू कमी समजत नाही.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! क्रेट आमच्या नेहमीच्या फळवाल्याने दिले, गोणपाट धान्याच्या दुकानातून आणले.

सासूबाईंना चकलीचं विचारलं. मी बिचकत विचारलं होतं, पण त्या लगेच म्हणाल्या, "आमच्या घरी सोऱ्या भाऊच दाबायचे, आम्हा बहिणींच्या हाताला तेवढा जोर कुठला!" इतकी वर्षं हे त्या बोलल्याच नव्हत्या. आता भाजणीचं मोहन किती, पीठ कितपत घट्ट भिजवायचं, हे सगळं त्या त्यालाच सांगतायत आणि तोही प्रश्न विचारतोय.

माच्यांची वाटणी दोघांनी मान्य केली. मुलाने तटाची वाट आखताना तिला माप धरायला बोलावलं, हे माझ्यासाठी खूप आहे. आता भांडण एकाच गोष्टीवर आलंय : बालेकिल्ल्यावर महाराज कोणी बसवायचे? मूर्ती एक आणि हात चार. आणि भाऊबीजेनंतर एवढ्या मातीचं काय करायचं?

---

सह्यकडा

एकाने सिंहासन ठेवायचं, दुसऱ्याने महाराजांना त्यावर बसवायचं. कोण काय करणार याची चिठ्ठी आजीला काढू द्या. त्याआधी बालेकिल्ल्याच्या माथ्यावर फरशीचा लहान तुकडा पाणसळीत दाबून घ्या, नुसत्या ओल्या मातीवर मूर्ती कलते.

माती नळीत किंवा जाळीत जाऊ देऊ नका, चोंदते. ताडपत्रीवरच वाळू द्या, ढेकळं फोडा, अळिवाची मुळं त्यातच राहू देत, आणि कुंड्यांत भरा. उरली तर सोसायटीच्या माळीदादांना विचारा. गोणपाट झटकून, वाळवून माळ्यावर टाका, पुढच्या वर्षी पुन्हा चालतं.