आजोबांची पदकं आणि बंद पडलेली गिरणी: काय करावं, काय करू नये?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. आजोबा १९६३ ते १९७८ मराठा लाइट इन्फंट्रीत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. १९७१ ला जंगी पलटणीबरोबर (रेजिमेंटची पहिली बटालियन) जमालपूरच्या (आताच्या बांगलादेशातल्या) लढाईत होते. पेन्शनवर आल्यावर पाटण तालुक्यात पिठाची गिरणी टाकली आणि घरच्यांना घेऊन ती शेवटपर्यंत चालवली. वर्षश्राद्धाला गिरणीतली एक भिंत त्यांच्या आठवणीसाठी लावायची आणि त्या दिवशी गावाचं दळण फुकट दळून द्यायचं, असं घरात ठरतंय. पत्र्याच्या डब्यात पाच पदकं आहेत: रक्षा मेडल, पूर्वी स्टार, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं आणि नऊ वर्षं सेवेचं. फिती कुजल्यात. इंजिन लिस्टर पद्धतीचं, ८ एचपी, हौदाच्या पाण्यावर गार होणारं. चक्की १६ इंची. बरीच वर्षं सगळं बंद आहे. सुरुवात कुठून करू?

फीतवाला:
पदकांना ब्रासो, चिंच, राख यातलं काहीही लावू नका आणि सोनाराकडे 'चकाकी' द्यायला तर मुळीच नेऊ नका. पदकाच्या कडेवर किंवा मागच्या बाजूला नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. घासलं की आधी तेच जातं, आणि ते गेलं की हे पदक आणि छावणीतल्या दुकानातली नक्कल यात फरक उरत नाही. सुती फडकं डिस्टिल्ड पाण्यात ओलं करून पुसा, लगेच कोरडं करा. फक्त हिरवा थर असेल तो लाकडी टूथपिकने हळूच काढा.

क्रम सालाप्रमाणे लावू नका, तिथे बहुतेक जण फसतात. बघणाऱ्याच्या डावीकडून आधी पूर्वी स्टार, मग १९६५ चं रक्षा मेडल, मग संग्राम, मग पंचविसाव्या वर्षाचं, शेवटी नऊ वर्षांचं. फिती ३२ मिमी रुंदीच्या नव्या मिळतात. जुन्या टाकू नका, पाकिटात घालून फ्रेमच्या मागे ठेवा. फ्रेममध्ये काच आणि पदक यात बोटभर अंतर हवं. पीव्हीसीचे पारदर्शक कप्पे नकोत, वर्षा-दोन वर्षांत धातूवर चिकट हिरवं सुटतं. आणि पिठाच्या धुळीत ठेवणार असाल तर फ्रेमच्या मागची फट कागदी टेपने बंद करा.

बाबू_अभिलेख:
डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळालेलं सेवेचं पुस्तक) लॅमिनेट करू नका. भिंतीवर रंगीत झेरॉक्स लावा, मूळ घरात. सेवेचा तपशील हवा असेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज करा. त्यात सर्व्हिस नंबर, हुद्दा, भरती-निवृत्तीच्या तारखा द्या. सोबत पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा. आजी हयात असतील तर सही त्यांचीच घ्या. अर्ज अडतो तो बहुधा नावावर: पलटणीच्या नोंदीत एक नाव, आधारवर दुसरं. आधी दोन्ही ताडून पाहा. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारलंत तर अर्जाची भाषा ते सांगतील.

इंजिनमिस्त्री:
आता गिरणी. एकदम हँडल मारू नका. टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढा, फिल्टर नवा घाला, चेंबरमधलं ऑइल बदला, हौद धुऊन पाणी भरा. मग डिझेल पंपाची रॅक (किती डिझेल जायचं ते ठरवणारी दांडी) हाताने मागेपुढे सरकते का पाहा. जुनं डिझेल गोंदासारखं जमून ती उघडीच अडकली असेल, तर इंजिन चालू होताच पळत सुटेल आणि मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या नेहमीच्या वेगावर थांबणार नाही. रॅक मोकळी नसेल तर पंप खोलूनच पुढे जा. त्यानंतर डिकम्प्रेशनचा खटका (सिलिंडरमधला दाब सोडणारा) वर ठेवून फ्लायव्हील हाताने फिरवा, अडखळलं तर जोर करू नका. डिझेलच्या लाइनमधली हवा काढा, मगच हँडल. पट्टा बहुतेक वाळून चिरला असेल, तो नवाच घ्या. फ्लायव्हीलभोवती जाळी हवीच, गर्दी होणार आहे.

दळणवाडी:
दगड खोलून हात फिरवा. गुळगुळीत लागला तर टाकी लावावी लागेल, म्हणजे छिन्नीने दगड पुन्हा खरबरीत करावा लागेल, नाहीतर पीठ गरम होऊन करपल्यासारखा वास येईल आणि भाकरी थापताना फाटेल. टाकी लावल्यावर पहिले चार-पाच किलो कोंडा किंवा हलके धान्य दळून फेकून द्या. त्यात दगडाची कचकच असते, जनावरांनाही घालू नका. रिकामे दगड एकमेकांना टेकू देऊ नका. चाडीतून (वरच्या धान्य ओतायच्या पेटीतून) दाणे पडायला लागल्यावरच दगड आवळा.

कोयनाकाठ:
आभार. यंत्राला रंग देऊ का? आणि उपवासाचं दळण कोणी आणलं तर?

दळणवाडी:
रंग नको. चाडीच्या तोंडाशी हात घासून पत्रा गुळगुळीत झालेला असेल, तो तसाच दिसू दे. उपवासाचं त्या दिवशी घेऊच नका, त्याला दगड वेगळे साफ करावे लागतात. आधी सगळा गहू, मग ज्वारी, मग बाजरी. गव्हावर गहूच आणि ज्वारीवर ज्वारीच पडली पाहिजे. हा क्रम दारावर खडूने लिहून ठेवा, नाहीतर डब्यांच्या रांगेत भांडणं होतील.