अंगणात आपोआप उगवलेली रोपे ओळखण्यासाठी मदत हवी आहे

प्रश्न (साताऱ्याजवळून)

नमस्कार. उन्हाळ्यात आम्ही गावातल्या जुन्या घराचे परसदार झाडून स्वच्छ केले. पाऊस सुरू झाल्यावर तिथे कोणीही न लावलेली रोपे उगवली आहेत. माझी आई म्हणते की सरसकट उपटून टाकू नये, आधी काय आहे ते कळू द्यावे, आणि मलाही तेच पटते. रोपे तीन प्रकारची आहेत. विजेच्या तारेखाली जी दोन-तीन उगवली आहेत, त्यांची पाने खाचलेली असून कडा दातेरी आहेत. कढीपत्ता असेल असे वाटले होते. विहिरीच्या कडेला एकाच जागेतून तीन-तीन, चार-चार रोपे गुच्छाने वर आली आहेत आणि त्यांची कोवळी पाने तांबूस आहेत. कुंपणालगत मात्र बाभळीसारख्या बारीक पानांची शेकडो रोपे आहेत. यांतील कोणती ठेवावीत?

पहिले उत्तर

ताईंनी दिलेला सर्वांत मोलाचा तपशील म्हणजे रोप कुठे उगवले आहे, कारण बी तिथे कोणी आणून टाकले याचा उलगडा बहुतेक वेळा त्या जागेवरूनच होतो. तारेवर साळुंक्या, बुलबुल, कोकीळ बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया खाली पडतात. त्यामुळे तिथे कडुनिंब किंवा कढीपत्ता असणे स्वाभाविक आहे. एक पान चुरगळून पाहावे; कढीपत्त्याचा वास लपत नाही. तो आला नाही, तर प्रश्न कडुनिंब आणि बकाण निंब या दोघांत उरतो. अगदी कोवळ्या वयात दोघांचीही पहिली पाने खाचलेली असतात, म्हणून त्यांवरून निर्णय करू नये आणि आणखी सहा-सात पाने फुटू द्यावीत. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले असते: मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना विळ्यासारख्या किंचित वाकलेल्या, दातेरी कडांच्या पर्णिका, आणि त्यांचा तळ तिरका. बकाणाचे पान मात्र दोनदा विभागलेले असते, म्हणजे मधल्या शिरेला आधी उपशिरा फुटतात आणि पर्णिका त्या उपशिरांवर येतात. बकाणाची फळे विषारी असल्यामुळे लहान मुलांच्या घरात हा फरक जाणून घेणे आवश्यक आहे. ओळख पटेपर्यंत कोणतेही पान चाखून पाहू नये.

दुसरे उत्तर

विहिरीकाठची रोपे जांभळाची असावीत. जांभळाच्या एका बीतून एकाहून अधिक रोपे निघतात, म्हणून ती अशी गुच्छाने दिसतात. खात्रीसाठी थोडे जून झालेले एक पान उजेडासमोर धरावे. पाने समोरासमोर असतील आणि पानाच्या कडेला समांतर जाणारी एक बारीक शीर दिसत असेल, तर ते जांभूळच समजावे. जवळपास जांभळाचे मोठे झाड आहे का? नसल्यास वटवाघळांनी फळ आणून तिथे बी टाकले असेल.

कुंपणाजवळची गर्दी सुबाभळीची असावी. पानाच्या देठावर, पर्णिकांच्या पहिल्या जोडीजवळ, एक इवलीशी खळगेदार ग्रंथी असते ती पाहावी. तशाच बारीक पानांच्या गुलमोहराला ती नसते. सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची आहे. आपल्याकडे चारा आणि सरपण म्हणून तिचा मोठा प्रसार झाला आणि त्यात मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला स्थापन केलेल्या संस्थेचा वाटा मोठा होता. चाऱ्यासाठी तिचा उपयोग आहे हे मी नाकारत नाही, परंतु परसात ती इतर कशालाही जागा ठेवत नाही. माती ओली असतानाच मुळासकट उपटावी. वरून छाटली तर ती पुन्हा जोमाने फुटते.

प्रश्नकर्ती

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी पाहिले. जांभळाची कडेची शीर स्पष्ट दिसली, आणि शेजारच्या मळ्यात एक जुने जांभूळ आहे असे आईने सांगितले. कुंपणाजवळच्या रोपांच्या देठावर ग्रंथी आहे. तारेखालच्या पानाला कढीपत्त्याचा वास नाही; नवीन पाने येईपर्यंत ती तशीच ठेवते. जांभूळ विहिरीपाशीच राहू द्यावे का?

दुसरे उत्तर देणारे

तिथे ठेवू नये. जांभळाचा वृक्ष प्रचंड होतो आणि त्याची मुळे विहिरीच्या बांधकामात शिरतील. ढगाळ दिवशी, संध्याकाळी, सोटमूळ न तुटेल इतके खोल खणून मातीच्या गोळ्यासह संपूर्ण गुच्छ उचलावा. त्यातले सर्वांत जोमदार रोप निवडून घरापासून आणि विहिरीपासून लांब लावावे. उरलेली रोपे हलक्या हाताने सुटी करून पिशव्यांत लावावीत, गावात कोणालातरी ती हवीच असतील. बियांपासून वाढलेल्या जांभळाला फळ धरायला आठ-दहा वर्षे लागतात, म्हणून हे काम याच पावसात उरकावे.