पाळकपण: पद की कायमचा शिक्का?

मोसंबीवाला_जालना
परवा आमच्या गावात मयत होती. निवृत्त पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे जुने पाद्री, कॉलर घालून पुढच्या खुर्चीत बसले, चालू पाळकांना बाजूला सरकावं लागलं. रात्री वाद पेटला: निवृत्तीनंतर माणूस 'रेव्हरंड' राहतो का? आम्ही लुथरन, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या पंथाचे, नाही; पण या प्रश्नाला थेट हात घातला होता लूथरनं. १५२० साली जर्मन सरदारांना उद्देशून त्यानं लिहिलं की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच; फरक दर्जाचा नाही, कामाचा. पदावरून उतरवलेला पाद्री पुन्हा इतरांसारखाच शेतकरी. कॅथलिक शिकवण उलटी: दीक्षेचा ठसा आत्म्यावर कायमचा. मला लूथर पटतो. पाळकपण म्हणजे देशमुखीचं वतन नव्हे.

गोदाकाठ_पैठण
वतनाचा दाखला झकास, पण दादा, अर्धंच वाचलंत. १५३० चं ऑग्सबर्ग विश्वासकथन, म्हणजे लुथरनांचा मूळ श्रद्धा-जाहीरनामा, त्याचं चौदावं कलम: रीतसर बोलावणं नसलेल्यानं मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, जाहीर उपदेश करू नये, संस्कारही देऊ नयेत. सगळे याजक म्हणून सगळ्यांनीच प्रभुभोजनाचा प्याला उचलायचा का? पाचवं कलम तर हे सेवापद देवानंच नेमलं म्हणतं. देवाचं पद गावकीच्या ठरावानं कसं जाईल?

मोसंबीवाला_जालना
पद जात नाही हो ताई, माणूस त्यातून उठतो. बोलावणं संपलं की काम संपलं. आणि अडचणीत कुणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, हे लुथरनही मानतात. माझी आत्या जन्मली तेव्हा नदीला पूर, पाळक पलीकडच्या गावात. बाळ निळं पडलेलं. आजीनं तांब्यातलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. तो बाप्तिस्मा खोटा होता काय?

गोदाकाठ_पैठण
खोटा कशाला? पण ती अडचण होती, रोजची रीत नव्हे. लूथरच्याच विटेनबर्गमध्ये १५३५ पासून बोलावणं आलेल्यांना हात ठेवून दीक्षा देऊ लागले. दुसऱ्या मंडळीत गेलेल्या पाळकाची तिथं नेमणूक होते, दीक्षा पुन्हा नाही. मग काहीतरी टिकतंच ना? तमिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या लुथरन मिशनचं बघा. अ‍ॅरन नावाचा तमिळ माणूस आधी उपदेशक होता. शिकवणं, समजावणं सगळं करायचा. १७३३ मध्ये त्याच्यावर हात ठेवले, तेव्हा कुठं गोऱ्या साहेबाची वाट न पाहता प्रभुभोजन देता आलं. तो हात कागदी म्हणायचा?

मास्तर_लातूर
तुमचं हे भांडण एकोणिसाव्या शतकातल्या लुथरनांनी कधीच भांडून ठेवलंय. जर्मनीत होफ्लिंग नावाचा धर्मपंडित म्हणे, पद सर्वांच्या याजकपणातूनच येतं. तिथलाच लोहे नावाचा पाळक पदाला त्याहून बराच वर ठेवायचा. अमेरिकेतल्या वाल्थर या लुथरन पुढाऱ्यानं १८५२ मध्ये मधली वाट काढली: पद देवाचं, पण देव ते मंडळीच्या बोलावण्यातून देतो, हात ठेवणं ही त्या बोलावण्यावरची जाहीर मोहर. आमच्याकडे मात्र मोहर कुणाची, यापेक्षा बंगला कुणाचा यावरच जास्त बैठका होतात. मी मोसंबीवाल्यांच्या बाजूला झुकतो. पण निवृत्त पाळकाला 'रेव्हरंड' म्हणायला माझी हरकत नाही. मला शाळा सुटून नऊ वर्षं झाली, तरी लोक मास्तरच म्हणतात.

गोदाकाठ_पैठण
मास्तर, तुम्हाला वर्गात घुसून हजेरी घेऊ देतात का अजून?

मास्तर_लातूर
नाही. हे बाकी खरं.

मोसंबीवाला_जालना
घ्या! ताईच माझं बोलल्या.

गोदाकाठ_पैठण
तुमचं नाही, मी चौदावं कलमच बोलले. बरं, खुर्चीचं काय झालं?

मोसंबीवाला_जालना
रविवारी घरी प्रार्थना होती. माझ्या आईनं दोघांनाही सतरंजीवर बसवलं.