मदत हवी आहे: केनियातल्या हेल्स गेटमध्ये सायकलने फिरलंय का कोणी?

नैरोबीत भाऊ असतो, एप्रिलच्या सुट्टीत आम्ही तिघं त्याच्याकडे चाललोय. जीपमधून सफारी सगळेच करतात, पण नैवाशाजवळचं हे पार्क असं आहे की तिथे चक्क पायी किंवा सायकलवर फिरू देतात, सिंह-हत्तींचा वावर नाही म्हणून, झेब्रे जिराफ रानडुकरं मात्र रस्त्याच्या कडेलाच चरत असतात म्हणे.

आता शंका. पार्कच्या एल्सा गेटवर (मुख्य प्रवेशद्वार) भाड्याने सायकली मिळतात, त्यांचे ब्रेक-गिअर धड असतात का? मुलगा 12 वर्षांचा आहे, त्याच्या उंचीची मिळेल? गेटजवळच्या फिशर्स टॉवर या उंच सुळक्यापर्यंत जमेल, पण पुढे पार्कमधल्या खोल, अरुंद घळीपर्यंत धुळीच्या रस्त्याने जाऊन परत यायचं, भर उन्हात, बायकोला झेपेल का हा प्रश्नच आहे (ती म्हणते, तिला झेपेल, मलाच झेपणार नाही).

आणि मुख्य म्हणजे रानम्हशी! त्या आहेत तिथे. समोर आली तर सायकल टाकून पळायचं की जागीच थांबायचं?

एप्रिल म्हणजे तिकडे पावसाळा, 2019 मध्ये त्या घळीत अचानक पूर येऊन पर्यटक वाहून गेले होते, त्यामुळे घळ सोडून फक्त वरूनच फिरावं का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा, नेटवरचं वाचून झालंय.