बोली फ्रेंच शिकायला कुठलं पुस्तक घेऊ?

हर्णैचा कुक:
मी कंटेनर जहाजावर चीफ कुक आहे. आमची फेरी फ्रान्सच्या ल हाव्र बंदराला लागते, शिधा तिथेच भरतो. मागच्या खेपेला बटाटे मोजून घेताना सप्लायरचा माणूस म्हणाला, 'कात्र-व्हँ-दूझ'. वीसपर्यंत आकडे मला पाठ होते. मी वहीत लिहिलं: ४, २०, १२. तीन गोण्या असतील असं धरून चाललो, पण चार किलोची कसली गोणी? त्याने माझ्याच हातातलं पेन घेतलं, तिन्ही आकडे खोडले आणि ९२ लिहिलं.

फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेल्या पुस्तकात 'मला माहीत नाही'ला 'झ न से पा' दिलंय. तिथे जो तो 'शे पा' म्हणतो! पुढच्या महिन्यात नऊ महिन्यांसाठी चढतोय. समुद्रात नेट मिळतं ते घरी बोलण्यापुरतं. लोक बोलतात ते शिकवणारं पुस्तक सांगा. आणि हे असं का मोजतात ते कळेल असं भाषाशास्त्राचंही, मराठीत असलं तर बरं.

सदाशिवपेठी मास्तरीण:
पुस्तक खोटं नाही दादा, लिहितात तसंच. बोलताना नकारातला 'न' गळतो आणि 'झ' पुढच्या 'से'त मिसळून 'शे' होतो. 'आम्ही'ला पुस्तकी 'नू', बोलताना बहुतेक 'ओं'. 'आसिमिल' प्रकाशनाचं पुस्तक घ्या. रोज एक छोटा संवाद, १९२९ पासून त्यांची हीच पद्धत आहे. मात्र आवाजाच्या फाइली घरूनच फोनवर उतरवा. नुसतं डोळ्यांनी वाचून फ्रेंच येत नाही. शेवटची अक्षरं गिळलेली असतात आणि पुढे स्वर आला की त्यातलं एखादं परत वर येतं. 'ले' आणि 'आमी' मिळून 'लेझामी'!

निवृत्त सारंग:
आमच्या वेळी कुकला भंडारी म्हणायचे. भंडारी, डेकवर डावं म्हणजे 'बाबोर', उजवं 'त्रिबोर'. दोन्ही शब्द मूळ डचांचे. फ्रेंच लोक त्यासाठी 'बात्री' हा शब्द लक्षात ठेवतात: डावीकडे बा, उजवीकडे त्री. जहाजावरच्या आपल्या बोलीचा नाद असेल तर टॉमस रोबकचा इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक कोश बघ. १८११ साली कलकत्त्यात छापलाय.

पोटभाषा:
मराठीत ना. गो. कालेलकरांचं 'भाषा : इतिहास आणि भूगोल' घ्या. १९६७चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यालाच. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच माणसाने तर मराठी भाषा कशी घडली यावरच ग्रंथ लिहिला, वा. गो. परांजप्यांनी तो १९४१मध्ये मराठीत आणला. पण तो कांदे चिरताना वाचायचा नव्हे.

आकड्यांचं म्हणाल तर ती विसांची जुनी मोजणी, फ्रान्समध्ये ऐंशी-नव्वदच्या घरात टिकून राहिली. बेल्जियममध्ये नव्वदला सरळ 'नोनांत' म्हणतात. पॅरिसमध्ये आंधळ्यांसाठी तेराव्या शतकात काढलेलं इस्पितळ आहे. ते तीनशे जणांसाठी होतं म्हणून नाव 'कँझ-व्हँ', पंधरा विसा.

हर्णैचा कुक:
अहो, म्हणजे ही कोडीच की! आजी बंदरावर बांगडे कोडीनेच मोजायची. चार कोड्या आणि वर बारा. तिला ल हाव्रला नेली असती तर बटाटे एका दमात मोजून झाले असते, वर भावातही घासाघीस केली असती.

आसिमिल आजच मागवतो. कालेलकर बायकोला शोधायला सांगितलेत. सारंगकाका, तुमच्या भंडाऱ्याला बटाटे सोलायला हाताखाली माणूस मिळायचा का हो?